पुन्हा हाती रंधा : गिटारकार आंतोनियो दे तोर्रेस



गिटार ठाऊक नाही असे घर आपल्या बेटावर शोधूनही सापडणार नाही. समुद्रकिनाऱ्यावरची रविवारची सहल असो की लग्नघरातली जागरणाची रात्र असो, सेगाला रंग चढू लागला की रवानच्या जोडीला कोणीतरी गिटार काढतोच. आपल्या मराठी घरांतही भजनासाठी पेटी, ढोलकी आणि झांज असतात, आणि मुलांच्या खोलीत एक गिटार भिंतीला टेकून उभी असते. ही गिटार आजच्या रूपाला कोणी आणली, असे आम्ही एकदा वर्गात विचारले. मुलांनी चटकन दोन-चार कारखान्यांची नावे सांगितली. एकाही मुलाने माणसाचे नाव सांगितले नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण मोठ्यांनाही ते नाव क्वचितच माहीत असते.

तो माणूस म्हणजे स्पेन देशातला एक गरीब सुतार, आंतोनियो दे तोर्रेस हुरादो. आज जगभर जी शास्त्रीय गिटार वाजवली जाते, तिचे माप, तिचा बांधा आणि तिच्या पोटातली रचना या माणसाने पक्की केली. परंतु आज त्यांचे चरित्र सांगायला आम्ही बसलो आहोत त्याला आणखी एक कारण आहे. कीर्ती मिळालेली असताना या कारागिराने आपली कला बाजूला ठेवली, गाव गाठले आणि कपबशा व काचेची भांडी विकायला सुरुवात केली. पुढे पाच वर्षांनी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी पुन्हा रंधा हाती घेतला आणि मरेपर्यंत तो खाली ठेवला नाही. हे कसे घडले ते पाहू.

सुताराचा मुलगा नव्हे, पण सुतार

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राच्या काठी आल्मेरिया नावाचे शहर आहे. त्याला लागून असलेल्या ला कान्यादा दे सान उर्बानो या वस्तीत १३ जून १८१७ रोजी आंतोनियोचा जन्म झाला. हा प्रदेश कोरडा, ऊन कडक आणि पाऊस थोडा. वडील कर गोळा करण्याच्या नोकरीत होते. घर उपाशी नव्हते, पण मुलाला फार शिकवावे इतकी ऐपतही नव्हती. बाराव्या वर्षी आंतोनियोला सुताराच्या हाताखाली ठेवण्यात आले. त्या काळी असे शिकणे म्हणजे सकाळी भुसा झाडण्यापासून सुरुवात. मग करवत धरायची, मग रंधा, आणि पुष्कळ दिवसांनी सांधा जोडायला मिळायचा. लाकडाची शीर कोणत्या बाजूला धावते, कोणती फळी उन्हात वाकेल आणि कोणती सरळ राहील, हे बोटांनी ओळखायला आंतोनियो तिथेच शिकला. पुढे साऱ्या युरोपात ज्या हातांचे नाव झाले, त्यांची पहिली शाळा खुर्च्या-टेबले बनवणारी ती पेढीच होती.

सन १८३३ मध्ये स्पेनमध्ये गादीवरून यादवी युद्ध पेटले. एका बाजूला लहानगी राणी इसाबेल, दुसऱ्या बाजूला तिचा काका कार्लोस. तरुणांना सैन्यात ओढले जाऊ लागले आणि आंतोनियोच्याही नावाची चिठ्ठी निघाली. वडिलांनी खटपट केली आणि प्रकृतीचे कारण दाखवून मुलाला सोडवून आणले. पण भीती संपली नव्हती. सैन्यात घेत ते अविवाहितांना आणि मूलबाळ नसलेल्या विधुरांना. तेव्हा घरच्यांनी घाईघाईने त्याचे लग्न उरकले. १८३५ साली हे लग्न झाले तेव्हा वर अठरा वर्षांचा होता आणि वधू हुआना मारिया लोपेस, एका दुकानदाराची मुलगी, अवघी तेरा वर्षांची होती. आपल्या पणजी-खापरपणजींच्या लग्नांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

युद्धातून सुटका झाली, पण दुःखातून झाली नाही. १८३६, १८३९ आणि १८४२ या वर्षी तीन मुली झाल्या. धाकटी काही महिन्यांतच गेली. मधलीही वाचली नाही. १८४५ साली हुआना क्षयाने गेली, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. तोर्रेस अठ्ठाविसाव्या वर्षी विधुर झाले. डोक्यावर कर्ज होते आणि सुतारकामात भागत नव्हते. जिथे चार पैसे अधिक मिळतील तिथे जायचे, असे त्यांच्या आयुष्याचे ते दिवस होते.

सेव्हिलचे दिवस

गिटार बनवण्याचे धडे त्यांनी ग्रानादा शहरात होसे पेर्नास या कारागिराकडे घेतले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे ते सेव्हिल शहरी आले. सेव्हिल म्हणजे दक्षिण स्पेनची मोठी पेठ. तिथे गाणे, नाच आणि गिटार हे रस्त्यारस्त्यावर होते, आणि गिटार बनवणारेही पुष्कळ होते. कुलपे बनवणाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका गल्लीत, मानुएल दे सोतो या दुसऱ्या गिटारकाराबरोबर एकाच जागेत त्यांनी काम मांडले. १८४० च्या दशकात त्यांनी काही गिटारी बनवल्या खऱ्या, पण अजून तो त्यांचा मुख्य धंदा झालेला नव्हता.

तो झाला एका वादकामुळे. हुलियान आर्कास हे तोर्रेस यांच्याच आल्मेरिया प्रांतातले, वयाने पंधरा वर्षांनी लहान, पण त्या काळचे गाजलेले गिटारवादक. तोर्रेस यांच्या हातात काहीतरी वेगळे आहे हे आर्कासनी ओळखले आणि त्यांनी दुसरी कामे सोडून गिटारच बनवावी असा आग्रह धरला. वादकाला काय हवे ते आर्कासनी सांगावे आणि ते लाकडात कसे उतरेल ते तोर्रेसनी शोधावे, अशी ही जोडी जमली. बनवणारा आणि वाजवणारा एकमेकांशी बोलू लागले की वाद्य सुधारते. मिरजेच्या सतारमेकरांचा आणि तिथे येणाऱ्या गवयांचा असाच संबंध होता, हे जाणकारांना माहीत आहे.

१८५६ साली तोर्रेसनी एक गिटार बनवली तिला पुढे सिंहीण या अर्थाचे ला लेओना हे नाव पडले. १८५८ साली सेव्हिलच्या प्रदर्शनात त्यांच्या एका नक्षीदार गिटारीला कांस्यपदक मिळाले. एक कर्जबाजारी सुतार आता नामांकित कारागीर झाला होता.

गिटारीच्या पोटात काय आहे

तोर्रेसनी नेमके केले काय, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचे मोठेपण कळणार नाही. म्हणून थोडे थांबून वाद्याच्या पोटात डोकावू.

त्यांच्या आधीची गिटार अंगाने लहान होती आणि तिचा आवाजही लहान होता. घरातल्या दिवाणखान्यात ती गोड वाटे, पण मोठ्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नसे. आवाज वाढवायचा तर कसा? तारा अधिक ताणल्या तर तुटतात, कारण त्या काळी वरच्या तीन तारा आतड्याच्या असत आणि खालच्या तीन रेशमाच्या धाग्यावर धातूची तार गुंडाळून केलेल्या.

तोर्रेसनी विचार केला की नाद तारेचा नसतो, तो पुढच्या फळीचा असतो. सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी पातळ फळी बसवतात तिला आपल्याकडे तबली म्हणतात. तिच्यावर घोडी असते आणि घोडीवरून तारा जातात. तार नुसती थरथरते. घोडीमार्फत ती थरथर तबलीत उतरते, आणि तबली हवा हलवते तेव्हा आपल्याला सूर ऐकू येतो. ज्यांनी ढोलकीचे पान हाताने चाचपले आहे त्यांना हे चटकन पटेल. पान जाड असेल तर बोल दबतो आणि फार पातळ असेल तर फाटतो.

तेव्हा गिटारीची तबली मोठी हवी, आणि हलकीही हवी. पण मोठी आणि पातळ फळी तारांच्या ओढीने वाकते, कालांतराने फुटते. हा पेच तोर्रेसनी दोन युक्तींनी सोडवला. पहिली अशी की तबली सपाट न ठेवता दोन्ही दिशांनी किंचित फुगीर केली. कमानीला भार सोसतो हे गवंड्यालाही माहीत असते. दुसरी युक्ती तबलीच्या आतल्या बाजूची. तिथे त्यांनी पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरणाऱ्या सात बारीक पट्ट्या सरसाने चिकटवल्या. अशा पट्ट्या सेव्हिलमधल्या जुन्या कारागिरांनीही वापरल्या होत्या. त्या कल्पनेचा शोध तोर्रेसचा नव्हे. पण किती पट्ट्या, किती उंच, किती अंतरावर आणि कोणत्या कोनात, याचा असा मेळ त्यांच्याआधी कोणी घातला नव्हता. या पट्ट्यांच्या आधाराने त्यांना तबली मध्यभागी सुमारे अडीच मिलिमीटर आणि कडांकडे त्याहूनही पातळ करता आली. तारेची लांबी त्यांनी सुमारे ६५० मिलिमीटरवर आणली. आज आपल्या मुलांच्या गिटारीवर फूटपट्टी धरून पाहा, वरच्या हाडापासून घोडीपर्यंत बहुधा तेवढीच लांबी भरेल.

आपले म्हणणे खरे आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी १८६२ साली एक गमतीची गोष्ट केली. एक गिटार बनवली, तिची तबली नेहमीप्रमाणे चांगल्या लाकडाची, पण पाठ आणि बाजू कागदाच्या पुठ्ठ्याच्या. महाग लाकडाच्या पाठीमुळे वाद्य चांगले वाजते असे समजणाऱ्यांना हे उत्तर होते. ती पुठ्ठ्याची गिटार बार्सेलोना शहरातल्या संगीत संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. आता ती वाजत नाही, पण मास्तरने फळ्यावर लिहिलेल्या उदाहरणासारखी ती पाहणाऱ्याला अजून शिकवते.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तोर्रेस तबलीसाठी स्प्रूस हे थंड प्रदेशातले लाकूड वापरत. पाठीसाठी ऐपतदार गिऱ्हाइकाला ब्राझीलचे काळसर शिसव किंवा मेपल, आणि साध्या गिऱ्हाइकाला गावठी सायप्रस. पुढे ब्राझीलचे शिसव तोडून तोडून संपत आले आणि १९९२ साली त्याच्या व्यापारावर जगभर कडक बंधन आले. त्याच्या जागी गिटारकारांनी मुख्यतः भारतातले शिसव घेतले. सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या जंगलांत वाढणारे हे झाड. आपले पूर्वज ज्या डोंगरांच्या पायथ्याची गावे सोडून गलबतात बसले, त्या डोंगरांतले लाकूड आज स्पॅनिश सुताराच्या आराखड्याने जगभरच्या गिटारींच्या पाठीला लागले आहे.

सतरा वर्षांचा पाहुणा

१८६८ साली तोर्रेस यांनी होसेफा मार्तिन यांच्याशी दुसरा विवाह केला. त्याच वर्षी स्पेनमध्ये क्रांती झाली आणि राणी इसाबेलला देश सोडावा लागला. राज्य डळमळीत झाले.

त्या सुमारास एक धनिक आपल्यासोबत सतरा वर्षांच्या एका मुलाला घेऊन तोर्रेस यांच्या दुकानी आला. मुलासाठी चांगली गिटार हवी होती. तोर्रेसनी तयार असलेली एक साधीशी गिटार पुढे केली. मुलाने ती वाजवली. ते वाजवणे ऐकले आणि तोर्रेस आत गेले. स्वतःसाठी म्हणून १८६४ साली बनवून ठेवलेली गिटार त्यांनी बाहेर आणली आणि ती मुलाच्या हाती दिली. तो मुलगा म्हणजे फ्रान्सिस्को तार्रेगा. पुढे शास्त्रीय गिटारीला मैफलीत मानाची जागा मिळवून देणारा हाच वादक. ही गिटार त्याने वर्षानुवर्षे वाजवली, आणि ज्याने ज्याने तार्रेगाला ऐकले त्याने तोर्रेसच्या हाताचा नादही ऐकला.

कारागिराने स्वतःसाठी ठेवलेली वस्तू दुसऱ्याला देणे ही लहान गोष्ट नव्हे. पण या प्रसंगाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावे लागते. थोड्याच महिन्यांत तोर्रेस आपले दुकान बंद करणार होते.

कपबशांचे दुकान

१८७० च्या सुमारास तोर्रेसनी सेव्हिलचे काम आवरले आणि बायको-मुलींसह आल्मेरियाला परत आले. वय त्रेपन्न. तिथल्या राजरस्त्यावर, कॅये रेआल नावाच्या पेठेत, नवरा-बायकोने चिनी मातीच्या भांड्यांचे आणि काचसामानाचे दुकान थाटले.

पदक मिळालेला, थोरामोठ्या वादकांचा आवडता कारागीर बशा मोजून देतो, हे ऐकायला आपल्याला वाईट वाटते. पण थोडा हिशेब मांडून पाहू. हाताने बनवलेल्या एका गिटारीला कित्येक आठवडे लागतात. लाकूड आधी घेऊन वर्षानुवर्षे सुकवावे लागते, म्हणजे पैसा अडकून पडतो. गिऱ्हाईक आले तर पैसे, नाही आले तर नाही. तोर्रेस यांच्या कीर्तीने त्यांना श्रीमंत केले नव्हते. कीर्ती गावोगाव गेली, पण भाजीवाल्याचे पैसे रोजच्या रोज द्यावे लागतात. काचेच्या दुकानात मात्र रोज गिऱ्हाईक येते, कोणाकडे लग्न असते, कोणाच्या घरचा पेला फुटलेला असतो. आमच्या मते तोर्रेसनी कलेचा कंटाळा केला नाही. त्यांनी घर चालवले, आणि घर चालवणे हाही कर्त्या माणसाचा धर्मच आहे.

आपल्या बेटावर असे किती जण आपण पाहिले आहेत! उत्तम ढोलकी वाजवणारा उसाच्या मळ्यात दिवसभर राबला आणि रात्री हात उचलेना म्हणून ढोलकी खुंटीवर गेली. बैठकेत मराठी वाचायला शिकलेला मुलगा कारखान्याच्या पाळीत अडकला आणि त्याची पोथी पेटीत पडली. त्यांना कोणी आळशी म्हणू नये.

दुसरा काळ

पाच वर्षे अशी गेली. मग १८७५ साली तोर्रेसनी दुकानाच्या कामातून वेळ काढून पुन्हा गिटारी बनवायला सुरुवात केली. कोणी राजाने बोलावले नाही, कोणी मोठी मागणी घेऊन आले नाही. दिवसा गिऱ्हाइकांना बशा दाखवायच्या आणि उरलेल्या वेळात रंधा, पटाशी आणि सरसाचे भांडे.

गिटारीच्या आत, पाठीच्या लाकडावर, कारागीर आपल्या नावाचा कागद चिकटवतो. तोर्रेसनी नव्या गिटारींच्या कागदांवर आपले नाव आणि वर्ष तर घातलेच, पण त्यावर दुसरा काळ असे छापून घेतले. पहिल्या काळातल्या गिटारींना त्यांनी क्रमांक दिले नव्हते. आता प्रत्येकीला क्रमांक देऊ लागले, आणि ही मोजणी एकपासून सुरू केली. आम्हाला या साध्या कागदाचे फार मोल वाटते. मधली वर्षे त्यांनी लपवली नाहीत. जणू काही खंड पडलाच नाही असा आवही आणला नाही. खंड पडला होता, तो मान्य केला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले.

खंडानंतर हाताला पूर्वीसारखे काम जमते का, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर गिटारींनीच दिले. या दुसऱ्या काळात त्यांनी गावच्या लोकांसाठी साध्या सायप्रसच्या गिटारी पुष्कळ बनवल्या, ज्यांवर नक्षी नाही, दागिना नाही. परंतु उत्तमातल्या उत्तम गिटारीही याच काळात झाल्या. वर्षानुवर्षे वाजवून तार्रेगा यांची १८६४ ची गिटार जीर्ण झाली, तेव्हा त्यांनी हाती घेतली तीही तोर्रेस यांचीच, १८८८ साली बनवलेली. एकाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हातची ती गिटार होती. तीस-चाळीस वर्षांत बोटांत उतरलेली जाण पाच वर्षांच्या कपबशांनी पुसली जात नाही, हेच यातून दिसते.

१८८३ साली होसेफा वारल्या. तोर्रेस दुसऱ्यांदा एकटे पडले. त्यानंतर दुकानाकडचे लक्ष कमी झाले आणि गिटारीकडचे वाढले. वर्षाला सुमारे बारा गिटारी ते बनवू लागले, म्हणजे महिन्याला एक. सत्तरी गाठलेल्या माणसाने, यंत्राच्या मदतीशिवाय, एवढे काम करणे याला केवळ पोटाची गरज पुरेशी होत नाही. घर रिकामे झाले होते आणि त्या रिकाम्या घरात काम हीच सोबत होती, असे आम्हाला वाटते.

बंद दार

शेवटच्या वर्षांत तोर्रेस यांचे हात थरथरू लागले. नाजूक तुकडे चिकटवण्याच्या कामात हुआन मार्तीनेस सिर्वेंत नावाचा एक तरुण त्यांना मदत करी. तो पुढे धर्मगुरू झाला, आणि त्याने बऱ्याच वर्षांनी, १९३१ साली, एका पत्रात जुन्या आठवणी लिहून ठेवल्या. तोर्रेस यांच्याविषयी आपल्याला जे जवळून कळते त्यातले पुष्कळसे या पत्रामुळे.

त्या आठवणींनुसार, तबली शेवटच्या मापाला आणण्याची वेळ आली की तोर्रेस दार लावून घेत. जवळच्या माणसालाही आत प्रवेश नसे. एकदा काही प्रतिष्ठित मंडळींसमवेत जेवण चालू असताना कोणीतरी त्यांना आग्रह केला की आपले रहस्य आपल्याबरोबर जाऊ देऊ नका, जगाला सांगून ठेवा. तोर्रेस म्हणाले की ते आपल्याबरोबरच जाणार, त्याला इलाज नाही, कारण रहस्य आहे ते अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांत. तबली दोन बोटांत धरली की तीच सांगते की ती झाली आहे की नाही.

आम्ही शिक्षक आहोत. बंद दाराची गोष्ट ऐकून आमचे मन थोडे खट्टू होते. शिकवण्याचे धडे घेताना आम्हाला सांगण्यात आले होते की जे येते ते दुसऱ्याला देता आले पाहिजे. तोर्रेसनी हाताखाली शिष्यांची शाळा उभी केली नाही. एवढी मोठी विद्या, आणि ती पुढे देण्यासाठी एकही गादी नाही! पण थोडा विचार केल्यावर त्यांची बाजूही कळते. मापे कागदावर लिहिता येतात, पण प्रत्येक फळी वेगळी असते. एक फळी अडीच मिलिमीटरला बोलते, दुसरी दोनला. आजीने भाकरीचे पीठ किती मळायचे ते सांगितले तरी सुनेला ते हाताने मळल्यावाचून येत नाही. तोर्रेस खोटे बोलत नव्हते. मात्र आजी सुनेला शेजारी बसवते, हेही खरे.

१९ नोव्हेंबर १८९२ रोजी आल्मेरियात तोर्रेस यांनी देह ठेवला. वय पंचाहत्तर. नव्या मोजणीचे क्रमांक तोवर दीडशेच्या पुढे गेले होते.

दार उघडले कोणी?

रहस्य त्यांच्याबरोबर गेले का? नाही गेले. कारण वाद्य कधीतरी दुरुस्तीला येतेच. तबलीला भेग पडते, पट्टी सुटते, आणि मग दुसरा कारागीर ते उघडतो. माद्रिद शहरातले मानुएल रामिरेस यांच्याकडे तोर्रेसच्या गिटारी येत. त्यांनी त्या तपासल्या आणि तोच बांधा स्वीकारला. १९१२ सालची त्यांच्या पेढीची गिटार वाजवून तरुण आंद्रेस सेगोव्हियाने जग जिंकायला सुरुवात केली. पुढे म्युनिकच्या हेर्मान हाउजर यांनी हाच नमुना पुढे नेला आणि १९३७ साली सेगोव्हियासाठी गिटार बनवली. अशा रीतीने एका दुकानातून दुसऱ्यात जात जात तोर्रेसचा आराखडा साऱ्या जगाचा झाला.

त्यातही होसे रोमानियोस यांचे नाव घेतलेच पाहिजे. हाही स्पॅनिश माणूस, पोटासाठी इंग्लंडला गेलेला, हाताने लाकूडकाम करणारा. परमुलखात त्यांनी गिटार बनवायला घेतली, नामवंत वादक ज्युलियन ब्रीम यांच्यासाठी वाद्ये घडवली, आणि तोर्रेस यांच्या गिटारी शोधून, मोजून, १९८७ साली त्यांच्या चरित्रावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोर्रेसनी आयुष्यात सुमारे ३२० गिटारी बनवल्या असाव्यात असा त्यांचा अंदाज आहे. त्यांपैकी ऐंशीहून अधिक आजवर सापडल्या आहेत. रोमानियोस २०२२ साली वारले. घरापासून दूर गेलेल्या माणसाने आपल्या मुलखातल्या विसरलेल्या कारागिराला परत उजेडात आणावे, यात आपल्यासारख्या दूर बेटावर राहणाऱ्यांना काही ओळखीचे वाटल्यास नवल नाही. आल्मेरिया शहरातही आता तोर्रेस यांच्या नावाचे गिटार-संग्रहालय आहे.

शेवटी थोडेसे

कला मध्येच सुटली म्हणून ती मेली असे समजू नये, एवढे या चरित्रातून आम्ही घेतले. तोर्रेस यांच्या घरात दुःख कमी नव्हते आणि पैसा पुरेसा कधीच नव्हता. तरी अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी पहिल्या क्रमांकाची गिटार बनवली. आपल्यात असे अनेक जण आहेत ज्यांची ढोलकी खुंटीवर आहे, ज्यांच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला आहे, ज्यांना एकेकाळी रवानला कातडे चढवता येत होते आणि आता ते बाजारातून आणतात. त्यांनी दिवसाचे काम सोडावे असे आमचे म्हणणे नाही. तोर्रेसनीही दुकान सोडले नव्हते. संध्याकाळचा एक तास काढता आला तरी पुरे.

दुसरी विनंती ज्यांना काही येते त्यांना. दार थोडे उघडे ठेवा. नातवंडे शेजारी येऊन बसली तर त्यांना हाकलू नका, हाती एखादी पट्टी द्या आणि बोटांनी चाचपून पाहायला सांगा. आपल्या मागे कोणीतरी येऊन वाद्य उघडील आणि आतले सारे मोजून काढील, असा भाग्याचा योग प्रत्येकाच्या कारागिरीला येतोच असे नाही.